फोटोत चोरलेला पाय

उभं आयुष्य मी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले आणि माप घेताना प्रत्येकीला दरडावलं, की बाई, पोट आत ओढू नको, श्वास सोड, आहेस तशी उभी राहा. चोरलेल्या मापाचा ब्लाउज पहिल्या पंगतीलाच उसवतो. आणि माझ्या स्वतःच्या हाडाचं माप द्यायची वेळ आली तेव्हा मी काय केलं, तर पाय चोरला. दवाखान्यात, मशीनसमोर, नातवंडं झालेल्या वयात. येडी म्हणायचं तर म्हणा. मी स्वतःला याच्याहून वाईट म्हणून घेतलंय.

पण हा मूर्खपणा एकटीचा नाही. त्यात माझ्या नणंदेचा वाटा आहे, आणि तो मी तिला माफ करणार नाही.

माझे पाय जन्मापासून कंसासारखे. टाचा जोडून उभी राहिले, की दोन गुडघ्यांमधून पाण्याचा तांब्या आरपार जाईल एवढी फट. लहानपणी त्याचं कुणाला काही नव्हतं. रानात पळताना ढेकळं कुणाचे पाय सरळ आहेत का ते तपासत नाहीत. मला बघायला माणसं येणार असं ठरलं, तेव्हा मात्र आईनं मला कोठीत नेलं, दार लोटलं आणि एक विद्या शिकवली. अंगठे आत वळव. गुडघे जरासे मोड, पण मोडलेत हे कळू देऊ नको. निऱ्या पुढं धर. पाऊल असं टाक, जसा डोक्यावर भरलेला हंडा आहे. मी तसं करून बघितलं. फट नाहीशी झाली.

"आता कोण म्हणंल वाकडे?" आई म्हणाली.

मला वाटलं, मी जग जिंकलं. त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचं ध्यान आज डोळ्यांसमोर आलं की हसू आवरत नाही. केसाला चापून तेल, तोंडाला पावडर आणि अंगठे आत घेऊन बदकासारखी डुलत निघालेली. आणि तोऱ्यात, की आपली चाल कुणाला कळत नाही.

अक्काला कळली. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, मुरुमला अडतीच्या दुकानवाल्याच्या घरात दिलेली. सगळे तिला अक्का म्हणतात, मीही म्हणते. ती बैठकीच्या मधोमध बसली होती. आधी म्हणाली, "पोरी, पाणी आण." आणलं. "तांब्या ठेव अन् परत जा." गेले. "आता हिकडं ये." आले. मग तिनं मान वाकडी केली आणि म्हणाली, "आता पदर खोचून ये. दिसू दे की आमाला बी."

पदर खोचला, निऱ्या वर गेल्या, आणि आईची विद्या तिथंच संपली.

"पोरगी बरी हाय," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पर आमच्या शेळ्या आता उंबऱ्यातनं कशाला जात्याल? हिच्या पायातनंच जात्याल."

बैठक हसली. माझा बापही हसला. मुलीच्या बापाला हसावंच लागतं, हे मला पुढं कळलं, त्या दिवशी नाही. नवरदेव तेवढा हसला नाही. खाली बघून पोहे खात राहिला. एवढ्यावर मी त्याला पसंत केलं आणि अजून सांभाळतेय.

लग्न झालं. मला शिवण येतं, हात सरळ आहेत, असा शेरा मारून अक्कानंच होकार दिला होता. मग सासरी माझं नाव पडलं कमान. "कमान, चहा टाक." "गावाच्या येशीला कमान बांधायला वर्गणी कशाला काढताय, आमच्या धाकटीला उभी करा." बारशात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात, जिथं बायका जमतील तिथं अक्काला माझे पाय आठवायचे. मी हसायचे. वर हसायचे आणि आत राग दुपदरी शिलाई घालून ठेवायचे, म्हणजे उसवायला नको.

मी एकच ठरवलं होतं. एक दिवस भरल्या मांडवात अक्कासमोरून सरळ पायांनी चालत जायचं, आणि ते तिला बघायला लावायचं. सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेले की बाकीच्या बायका लेकराबाळांचं मागायच्या. मी मागायचे, देवा, अक्काला उदंड आयुष्य दे आणि तिची नजर शाबूत ठेव. तिला मोतीबिंदू झाला तेव्हा ऑपरेशनचा सगळ्यात जास्त आग्रह मी धरला. लोक म्हणाले, भावजय असावी तर अशी.

पण पाय काय सरळ होणार होते? उलट वय झालं तसा डावा गुडघा आतल्या बाजूनं ठणकायला लागला. शिलाई मशीनचं पायडल मारणं होईना. खाली बसले की उठवायला माणूस लागायचा. शेवटी मुलानं सोलापूरच्या एका डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर तरुण होते, पण बोलणं निवांत. म्हणाले, "आजी, तुमचा सांधा आतल्या बाजूनं झिजलाय. बाहेरची बाजू अजून चांगली आहे. पाय वाकडा असल्यानं सगळा भार झिजलेल्या बाजूवर पडतो. सांधा बदलायची गरज नाही. पाय सरळ करू, म्हणजे भार चांगल्या बाजूवर जाईल."

मी खुर्चीतून पडायची राहिले. "सरळ? ह्या वयात?"

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडाला आतल्या बाजूनं चीर द्यायची. आरपार नाही, बाहेरच्या बाजूला थोडं हाड बिजागरीसारखं राखायचं. मग ती चीर पाचरीएवढी उघडायची, पट्टी लावायची, स्क्रू मारायचे. फटीत पुढं हाड भरून येतं. कुठं कापायचं, किती खोल, किती उघडायचं, हे सगळं आधी संगणकावर ठरतं, माझ्या हाडाच्या चित्रांवरून. आणि त्यावरून प्लास्टिकचा एक साचा छापून येतो. तो हाडावर एकाच जागी बसतो, डब्यावर झाकण बसावं तसा. त्याच्या फटीतून करवत चालते, भोकांतून ड्रिल.

"म्हंजे खडूची खूण," मी म्हटलं. "मापाचा ब्लाउज. रेडिमेड न्हाय."

"अगदी बरोबर. तो साचा तुमच्याच हाडावर बसणार, दुसऱ्या कुणाच्या नाही. फक्त ब्लाउज उसवून परत शिवता येतो. हे एकदाच."

हे एकदाच, हे मी नीट ऐकलं होतं. तरी पुढं जे केलं ते केलं.

दोन प्रकारची चित्रं काढायची होती. एक उभं राहून, कमरेपासून घोट्यापर्यंत लांब एक्स-रे. दुसरं निजून, सीटी स्कॅन. एक्स-रेच्या खोलीत एक मुलगी होती. तिनं मला भिंतीशी उभं केलं, साडी वर घ्यायला लावली आणि पाय हातानं धरून नीट ठेवले. "गुडघ्याची वाटी समोर बघू दे. गुडघा ताठ. हलू नका." मग काचेमागं गेली आणि तिथून म्हणाली, "हं, बघू."

त्या 'बघू'नं घात केला. खोली गार, पाय उघडे, समोर काच, काचेमागून कुणीतरी बघतंय. माझे अंगठे आत वळले. गुडघे जरासे मोडले, मोडलेत हे कळणार नाही एवढेच. मी ठरवून केलं का? ठरवून केलं असतं तर लबाड तरी म्हणता आलं असतं. पायांनी परस्पर केलं आणि मला बरं वाटलं. फोटो चांगला येईल, असं वाटलं. एकोणीस वर्षांची ती बदकी माझ्या आत अजून जिवंत होती आणि दवाखान्यात स्थळ आलंय असं समजून नटून उभी होती.

सीटी स्कॅनला मात्र पट्ट्यांनी पाय बांधले. निजलेल्या, बांधलेल्या बाईला पाय चोरता येत नाही.

काही दिवसांनी बोलावणं आलं. मी आणि नवरा गेलो. डॉक्टरांनी लॅपटॉप आमच्याकडं फिरवला. त्यात एक मुलगी दिसत होती, पुण्याहून बोलत होती. संगणकावर आराखडा करायचं काम तिचं.

"आजी, नमस्कार. हे तुमचं हाड."

पडद्यावर पांढरं हाड हळूहळू फिरायला लागलं. मी पहिल्यांदा ते बघितलं. वाकडं होतं, पण मला ते आवडलं. कष्टाळू दिसत होतं.

"हे झोपून काढलेलं," मुलगी म्हणाली. "यात हाडाचा वाक बराच दिसतो. आणि हा उभ्याचा फोटो, यात वाक कमी दिसतो. गुडघ्याची वाटीसुद्धा आत बघतेय. फोटो काढताना पाय आत वळवला होता का?"

"न्हाय."

"गुडघा थोडा मोडला होता?"

"न्हाय बाई. म्या कशाला मोडीन?"

माझा नवरा माझ्या शेजारी बसला होता. फार बोलणारा माणूस नाही. त्यानं खाकरलं आणि म्हणाला, "सांग की खरं. लग्नाच्या फोटूत बी तशीच उभी हाईस."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. "तुमाला ठावं व्हतं?"

"चाळीस वर्सं बघतोय. कुणी बघाया लागलं की तुझे अंगठे आत जात्यात."

लॅपटॉपमधली मुलगी हसू दाबत होती. डॉक्टर दाबत नव्हते. मग मुलीनं नीट समजावलं, की उभ्याच्या फोटोवरून पायावर भार कुठून जातो ते बघतात, त्यावरून फट किती उघडायची ते ठरतं. तो फोटो खरा धरला असता तर फट कमी उघडली असती. सगळा खटाटोप होऊन पाय वाकडाच राहिला असता आणि गुडघा दुखतच राहिला असता.

घरी येताना माझ्या डोळ्यापुढं ते चित्र फिरत होतं. कापलेला, पट्टी ठोकलेला, तरी वाकडा पाय, आणि समोर अक्का. राग एवढा आला की उन्हानं का रागानं तोंड तापलंय ते कळेना. पाय तिनं हसून वाकडे ठरवले, एवढ्यावर भागलं नाही. ती माझ्या अंगठ्यांत जाऊन बसली. माझ्याबरोबर एक्स-रेच्या खोलीत आली. थोडक्यात हुकलं, नाहीतर ती त्या साच्यात उतरली असती आणि तिच्या मापानं माझं हाड कापलं गेलं असतं.

दुसऱ्यांदा फोटो काढला तेव्हा मी स्वतःलाच दरडावलं, जसं गिऱ्हाइकाला दरडावते. श्वास सोड. आहेस तशी उभी राहा. वाट्या समोर. गुडघ्यांच्या मधून गार वारा गेलेला कळला. जाऊ दे म्हटलं. शेळ्याही जाऊ दे.

ऑपरेशन झालं. कमरेत इंजेक्शन दिल्यानं मी जागी होते, दुखत नव्हतं. पडद्यापलीकडं भांड्यांचा आवाज व्हावा तसा आवाज होत होता. एका क्षणी डॉक्टर म्हणाले, "बसला." मला कळलं, साचा बसला. खऱ्या मापाचा होता, म्हणून बसला. मग करवतीची घरघर सुरू झाली आणि मी मनात अक्काचं नाव घेतलं. देवाचं घ्यायला पाहिजे होतं, पण खोटं कशाला सांगू.

घरी सोडताना मी डॉक्टरांकडं एक गोष्ट मागितली. सराव करून बघायला त्यांनी माझ्या हाडाची प्लास्टिकची नक्कल छापली होती, जुन्या वाकासकट. "ते मला द्या."

"काय करणार त्याचं?"

"एकीला दाखवायचंय."

वॉकर धरून मी अंगणात येरझाऱ्या घालायला लागले आणि अक्का भेटायला आली. पेरू घेऊन आली. चटईवर बसली नाही, खुर्ची मागून घेतली. मी म्हटलं, आता. वॉकर घेतला आणि तिच्यासमोरून सरळ पायानं चालत गेले, चालत आले.

तिनं वरून खालपर्यंत बघितलं. "एक सरळ झाला. दुसरा तसाच हाय की गं. कमानीचा एक खांब पडला म्हणायचा. आता तुला काय म्हणावं? अर्धी कमान?"

उजवा पाय दुखत नव्हता. मी डॉक्टरांना म्हटलं होतं, दोन्ही करा. ते म्हणाले होते, शोभेसाठी हाड कापत नाही. तर अशी माझी वर्षानुवर्षं जपलेली शपथ पेरू खातखात तिनं एका वाक्यात निकालात काढली. घरातले सगळे हसले. नवरा हसला नाही, पेरूच्या बिया काढत बसला.

पण अक्का जायला उठली तेव्हा मला काहीतरी दिसलं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन ती उठली आणि पदर सारखा करायच्या निमित्तानं जागेवरच थांबली. बराच वेळ. मग निघाली ती एकीकडं झोकांडत. इतकी वर्षं ती माझे पाय बघत होती, मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिचे पाय मी कधी बघितलेच नव्हते. वेशीपर्यंत तिला बघत राहिले, आणि राग परत शिवून ठेवला, या वेळी तिपदरी.

गेल्या उन्हाळ्यात अक्काच्या नातवासाठी मुलगी बघायला माकणीला जायचं ठरलं. अक्कानं मला बरोबर घेतलं. तिला कुठंही जाताना आपल्याहून एक पायरी खाली उभं राहणारं कुणीतरी लागतं. मी तयार झाले. पिशवीत ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून हाड घेतलं.

मुलीकडचे साधे, नेटके लोक होते. मुलगी उमरग्याला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करणारी. तिनं पोहे दिले, विचारलेल्याला उत्तरं दिली. अक्का मधोमध बसली होती, खुर्चीवर. पोहे संपवून तिनं हात पुसले आणि मान वाकडी केली. ती मान मी ओळखते.

"पोरी, जरा चालून दाखव. हितनं दारापत्तूर."

मुलीच्या आईचा चेहरा पडला. मुलगी उठायला लागली. तिला उठायला लागू नये म्हणून मी बोलले असं सांगितलं तर माझं नाव चांगलं होईल. पण तसं नव्हतं. मी माझ्यासाठी बोलले.

"थांब पोरी. आदी आमचं बघून घे."

पिशवीतून हाड काढून मी पोह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. मुलीचा बाप मागं सरकला.

"भिऊ नगा. प्लास्टिकचं हाय, माझ्या पायाचं. असंच एका बैठकीत अक्कांनी मला चालवलं व्हतं. पायातनं शेळी जाईल म्हणल्या. ते हे हाड. तर म्या म्हणते, तुमची पोरगी ज्या घरात येणार, त्या घरातल्या थोर बाईची चाल तुमी बी बघून घ्या. अक्का, चला. हितनं दारापत्तूर."

"येड लागलं का गं तुला?" अक्का म्हणाली.

"चाललंच पायजे असं न्हाय. चालवत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

मी हे मुद्दाम म्हटलं. तिला ओळखते म्हणून म्हटलं. मुलीची म्हातारी आजी कोपऱ्यात बसली होती, तिनंही साथ दिली, "चालू द्या की. वराकडचं कोण चाललेलं आमाला कवा बघाया मिळतंय."

अक्का उठली. खुर्चीचे दोन्ही हात धरून. ती उठेपर्यंत मी नजर हलवली नाही. एवढी वर्षं मी मांडव मागत होते. बैठक मिळाली, चालणारी माझ्याऐवजी ती, काय वाईट झालं? पहिली पावलं मी अशी बघितली जशी उपाशी माणूस भाकरी बघतो.

मग माझं लक्ष तिच्या पावलांकडं गेलं. अंगठे आत वळलेले. गुडघे जरासे मोडलेले, मोडलेत हे कळणार नाही एवढेच. एका हातानं निऱ्या पुढं धरलेल्या. पाऊल लहान, डोक्यावर भरलेला हंडा असावा तसं.

माझ्या आईची विद्या. अक्काला ती कुणी शिकवली, कुठल्या कोठीत शिकवली, कुणापुढं तिला चालवलं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कीव आली असती, आणि कीव करायला मी माकणीला गेले नव्हते. म्हणून मी पूर्ण बघितलं. दारापर्यंत आणि दारापासून परत. आणि ती खुर्चीपाशी पोचली तेव्हा म्हटलं, "अक्का, आता पदर खोचून."

बैठकीत कुणी हसलं नाही. हे मला अपेक्षित नव्हतं. मी एकटीच हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. ती मुलगी उठली, अक्काच्या काखेत हात घातला आणि तिला खुर्चीत बसवलं. मुलीला कुणी चालायला सांगितलं नाही. पुढं लग्न जमलं, पण ते त्यांचं ते बघतील.

परतताना जीपमध्ये मी आणि अक्का मागं बसलो होतो. हाड माझ्या मांडीवर होतं. माकणीच्या धरणाचं पाणी मागं पडलं, ऊस मागं पडला. मी शिव्यांची वाट बघत होते. एकेकीला उत्तर शिवून तयार होतं. मुरुम जवळ आलं तशी तिनं हात पुढं केला, हाड उचललं, वाकाच्या जागी अंगठा फिरवला आणि माझ्याकडं न बघता बोलली.

"धाकटे, मला तुझ्या त्या डाक्टरकडं घिऊन चल. पर फोटू काढताना तू भाईर थांब. तू बघाया लागलीस की माझा पाय आपसूक आत वळतोय."